लोहाराच्या छातीतला धूर आणि शनिमहाराजांचे तेल

आमच्या बहुजन समाजाच्या मागे जी दुखणी लागली आहेत, त्यांतील निम्म्यांचे औषध वैद्याजवळ आहे आणि उरलेल्या निम्म्यांचे, असे आम्हांस सांगण्यात येते, भटजीच्या पंचांगात. देवीच्या रोगाला देवी, पटकीला मरीआई, आणि लोखंडाचे काम करणाऱ्या गड्याला ताप भरला की साडेसाती! पैकी देवीचा रोग लस टोचून पृथ्वीवरूनच नाहीसा झाला. 1980 साली जगाच्या आरोग्य संघटनेने तसे जाहीर केले, आणि कोणत्याही देवीने त्याबद्दल तक्रार केली नाही. पटकीला स्वच्छ पाण्याने पुष्कळ आळा घातला. राहिला लोखंडवाल्याचा ताप. त्याच्या नावाने अजून दर शनिवारी दगडावर तेल ओतले जात आहे. सबब आज त्याविषयी चार शब्द स्पष्टपणे लिहिणे आम्हांस भाग आहे.

प्रकार असा घडतो. गावच्या फाट्यावर वेल्डिंगचे दुकान असते. वर पत्रा, तीन बाजूंनी पत्रा, पुढे शटर. गोठ्याच्या जाळीचे, शेताच्या फाटकाचे, पाण्याच्या नळाचे काम येते. पाईप जी.आय.चा, म्हणजे गंजू नये म्हणून वरून जस्ताचा मुलामा दिलेला. लोखंड 1538 अंशांवर वितळते. जस्त मात्र 907 अंशांवरच उकळून वाफ होऊन उडते. आणि वेल्डिंगच्या ठिणगीची आच ह्या दोहोंच्या कित्येक पट असते. म्हणजे पाईप सांधण्याआधीच जस्ताची वाफ निघते, हवेशी मिळून तिचा पांढरा धूर होतो, आणि गडी काम नीट दिसावे म्हणून नेमका त्या धुरावरच वाकलेला असतो. दिवसभर त्यास काही होत नाही. चार ते दहा तासांनी, घरी भाकरी खाऊन आडवे होण्याच्या सुमारास, तोंडाला धातूची चव येते, घसा सुकतो, तहान लागते, छाती आवळते, आणि मग अशी हुडहुडी भरते की दोन गोधड्या पुरत नाहीत. घरचे म्हणतात हिवताप. दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी ताप आपला आपण उतरतो. इंग्रजीत ह्यास मेटल फ्यूम फीव्हर म्हणतात. आम्ही त्यास धातुधुराचा ताप म्हणू.

आता ह्या तापाची एक खोड लक्षात घ्या, कारण सगळी लबाडी तिच्यावरच उभी आहे. रोज धूर घेणाऱ्याचे शरीर तीनचार दिवसांत त्यास सरावते आणि ताप येईनासा होतो. एकदोन दिवस काम बंद राहिले की तो सराव मोडतो, आणि पुन्हा कामावर जाताच ताप पुन्हा येतो. म्हणून परदेशांतील कामगारांत ह्यास सोमवारचा ताप असेच नाव पडले. सुटीच्या पाठोपाठ ताप, हा त्याचा नेमच आहे. ह्यात ना ग्रह आहे, ना गोचर. आहे ते फक्त जस्त.

परंतु ताप आपला आपण उतरतो, ही गोष्ट पंचांगवाल्यास केवढ्या उपयोगाची! शनिवारी लोखंड खरेदी करू नये, लोखंड ही शनीची वस्तू, हे आमच्या बायाबापड्यांच्या डोक्यात पिढ्यान् पिढ्या भरवलेलेच आहे. तेव्हा लोखंडात हात घालणाऱ्यावर शनीचा कोप झाला हे सांगायला विद्वत्ता लागत नाही. तेल घाला, उडीद द्या, काळ्या घोड्याच्या नालेची अंगठी घाला. दोन दिवसांत ताप उतरणारच होता, तो उतरतो. श्रेय शनीला, दक्षिणा भटाला. आणि गंमत पाहा: नाल कोणी घडवली? लोहाराने. मंतरली कोणी? ज्याने आयुष्यात कधी सांडशी हातात धरली नाही त्याने. आणि तापाने फणफणलेल्या लोहारालाच ती चौपट दामाने विकली! ह्याला धर्म म्हणावे की दुकानदारी, हे वाचकांनीच ठरवावे. त्या तेलाच्या पैशांत तोंडावर बांधायचा चांगला मुखवटा आला असता, आणि पुढच्या सुटीनंतर ताप आलाच नसता. पण मग पुढच्या शनिवारी तेल कोण घालणार?

दुसरा दुकानदार म्हणजे मालक. तो पंचांग पाहत नाही, हजेरीपुस्तक पाहतो. त्याच्याही ध्यानात आले आहे की सुटी घेतलेला गडी कामावर आला की दुसऱ्या दिवशी आजारी पडतो. म्हणून तो म्हणतो, "सुटी दिली की तुम्ही लोक पिऊन पडता. सुटीच नको." वाहवा रे तर्क! आठवड्याची सुटी ही काही मालकांच्या दयेची भीक नव्हे. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी वर्षानुवर्षे भांडून 10 जून 1890 पासून रविवारची सुटी मिळवली. त्या सुटीवर आज धुराचे खापर फोडले जाते. सुटीने माणूस आजारी पडत नाही. सहा दिवस विष घेऊन बधिर झालेले शरीर सुटीच्या दिवशी शुद्धीवर येते, आणि पुन्हा विष मिळताच ओरडते. ओरडणाऱ्याचे तोंड दाबायचे, की विष थांबवायचे?

तरीही हा ताप हे ह्या धंद्यातील सर्वांत हलके दुखणे आहे. तो येतो, जातो, आणि निदान काहीतरी बिघडले आहे एवढे कळवून तरी जातो. न कळवता येणारी दुखणी त्याहून वाईट आहेत. वेल्डिंगच्या धुराचे कण केसाच्या जाडीच्या पन्नासाव्या हिश्शाहूनही बारीक असतात. ते नाकात अडत नाहीत, सरळ फुप्फुसाच्या तळाशी जातात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2017 साली निर्णय दिला की वेल्डिंगचा धूर माणसास फुप्फुसाचा कर्करोग करतो. तंबाखूचा धूर आणि ॲस्बेस्टॉस ज्या पहिल्या वर्गात आहेत, त्याच वर्गात तो घातला. तत्पूर्वी तिचे मत नुसते "शक्यता आहे" असे होते. ह्या निर्णयानंतर ब्रिटनच्या सरकारी सुरक्षा खात्याने फेब्रुवारी 2019 मध्ये फर्मान काढले की साध्या लोखंडाच्या वेल्डिंगलाही आता नुसती खिडकी उघडी ठेवून भागणार नाही. दुकानाच्या आत काम असेल तर धूर जेथे निघतो तेथेच तो ओढून घेणारे यंत्र पाहिजे. आमच्या फाट्यावरच्या दुकानात ही बातमी अद्याप पोहोचलेली नाही.

धातूगणिक विष वेगळे. स्टेनलेस स्टीलच्या चकचकीत कठड्यांतून क्रोमियम आणि निकेल निघते. त्यातील क्रोमियमचा एक प्रकार कर्करोग करणारा म्हणून फार दिवसांपासून ठाऊक आहे. रॉडमध्ये आणि पोलादात मँगनीज असते. ते मज्जातंतूंवर बसले की चाल मंदावते, हात थरथरतो, चेहरा मुखवट्यासारखा होतो. मँगनीज दळणाऱ्या मजुरांची ही अवस्था कूपर नावाच्या स्कॉटिश डॉक्टराने 1837 सालीच लिहून ठेवली आहे. भंगारातल्या जुन्या रंगावर गॅसचा कटर चालवला की शिसे उडते, आणि ते कपड्यांना चिकटून घरच्या लेकरांपर्यंत जाते. सोनाराच्या पेढीवर "केडीएम" अशी पाटी आपण वाचली असेल. त्यातील केडीएम म्हणजे कॅडमियम. डाग देण्यास ते सोयीचे, पण त्याचा धूर इतका जहरी की जास्त गेला तर त्या वेळी फारसे न जाणवता काही तासांनी फुप्फुसात पाणी भरून माणूस दगावू शकतो; थोडा थोडा गेला तर मूत्रपिंड नासते. हॉलमार्कच्या नियमांत कॅडमियम बसत नाही, हे बरे झाले. पण दागिना शुद्ध की अशुद्ध, ह्याची चौकशी गिऱ्हाईक शंभर वेळा करते; डाग देणाऱ्या कारागिराच्या श्वासाची चौकशी कोणी केली?

येथे कोणी शहाणा म्हणेल, "आमचा आजा नव्वद वर्षे जगला. जन्मभर भट्टीवर बसला. त्याला काय झाले?" ह्या आज्याला आमचा नमस्कार असो, पण त्याचा दाखला येथे लागू पडत नाही. आज्याची भट्टी लिंबाखाली, उघड्यावर. लोणारी कोळसा, भाता, ऐरण आणि घण. फाळ शेवटायचा, विळ्याला पाणी द्यायचे, चाकाला धाव चढवायची. लोखंड लाल करून ठोकायचे, ते वितळून उकळू द्यायचे नाही. म्हणून लोखंडाचा धूर थोडाच निघे. त्याच्या लोखंडावर जस्ताचा मुलामा नव्हता, शिशाचा रंग नव्हता, क्रोमियमची झिलई नव्हती. तरी त्यासही काही सुख नव्हते: काजळी होती, ठिणगीने डोळे जात, घणाच्या आवाजाने कान जात, आणि पावसाळ्यात भट्टी बंद खोलीत पेटवली तर कोळशाचा वास नसलेला विषारी वायू निजलेल्या माणसास उठू देत नसे. आता नातू काय करतो? तेच जातीचे नाव, पण काम निराळे, धातू निराळा, जागा बंदिस्त, आणि सकाळपासून रात्री नवापर्यंत सतत. तलावात पोहणाऱ्या आज्याचा दाखला देऊन नातवास विहिरीत ढकलण्यासारखेच हे झाले.

आणि घिसाडी बंधूंचे काय सांगावे? रस्त्याच्या कडेला पाल ठोकून भंगाराच्या पट्ट्यांतून खुरपी, कोयते घडवणारी ही माणसे. तेथे माउली घण मारते आणि लेकरू भात्याजवळच झोळीत निजते. भंगारावर कोणता रंग, कोणता मुलामा आहे, हे तापवण्याआधी पाहणार कोण? धूर मात्र जात पाहत नाही, वय पाहत नाही; झोळीतल्या लेकराच्या छातीतही तो जातो.

मालकांचे एक आवडते औषध म्हणजे गूळ. कामावरून जाताना गुळाचा खडा द्यावा, फार उदार असला तर केळे किंवा पेलाभर दूध. म्हणे छातीतला धूर धुऊन निघतो. गूळ आणि दूध पोटात जातात, धूर फुप्फुसात जातो. दोन वाटा निराळ्या. दूध अवश्य द्यावे, आमच्या गड्यांना ते एरवी मिळते कोठे! पण ते मजुरीवर चढते म्हणून द्यावे, धुराचा उतारा म्हणून नव्हे. तोंडाला गमछा बांधणे हाही तसाच भ्रम. गमछा धूळ अडवतो. हा धूर त्याच्या विणीतून असा जातो जसे चाळणीतून पाणी.

बरे, मायबाप सरकारने काही केले नाही असे नाही. 1948 च्या कारखाने कायद्यात धूळ व धूर ओढून बाहेर काढावा असे कलम होते, आणि शिशाची व मँगनीजची बाधा झालेला कामगार आढळल्यास डॉक्टराने सरकारास कळवावे असाही हुकूम होता. पण कारखाना कशास म्हणावे? विजेवर चालत असेल तर दहा माणसे, वीज नसेल तर वीस. 2020 च्या नव्या संहितेने, जी 21 नोव्हेंबर 2025 पासून अंमलात आली, हा आकडा वीस आणि चाळीस केला. आणि इन्स्पेक्टराच्या नावाला फॅसिलिटेटर असे मृदू शेपूट जोडले. आमच्या फाट्यावरच्या दुकानात माणसे किती? मालक, एक वेल्डर आणि एक पोरगा. तो जुन्या कायद्यातही कारखाना नव्हता आणि नव्यातही नाही. म्हणजे धूर तोच, फुप्फुस तेच. पण शेजारी आणखी सतरा माणसे मरायला तयार नसतील तर कायद्यास तुमची दखल घेता येत नाही! एकट्या कामगारालाही विम्याच्या कक्षेत घेण्याची तरतूद सामाजिक सुरक्षेच्या संहितेत आहे, पण ती केंद्र सरकार ज्यांना धोक्याचे धंदे म्हणून जाहीर करील त्यांच्यापुरती. मग जगाने कर्करोगाच्या पहिल्या वर्गात घातलेला हा धंदा त्या जाहीरनाम्यात सर्वांच्या वर पाहिजे, ही मागणी आमच्या पुढाऱ्यांपैकी किती जणांनी केली?

पुढाऱ्यांचे नाव निघाले म्हणून सांगतो. आता केवळ भटशाहीला शिव्या देऊन आमचे भागणार नाही. आज फॅब्रिकेशनचा ठेकेदार बहुतेक आमच्यातलाच असतो. जोतीरावांच्या तसबिरीला हार घालणारा तोच, आणि रसवंतीची किंवा पाण्याची टाकी आतून सांधायला पोराला बिनमुखवट्याचा उतरवणाराही तोच. बंद टाकीत धूर साठतो, हवेतला प्राणवायू उणा होतो, आणि बाहेर उभ्या असलेल्यास आतल्याची हाक ऐकू येत नाही. दसऱ्याला यंत्राला हळदकुंकू, झेंडूची माळ, नारळ. आणि यंत्र चालवणाऱ्याच्या तोंडाला फडकेसुद्धा नाही! लोखंडाची पूजा आणि माणसाची राखरांगोळी, हीच जर आमची नवी बहुजनशाही असेल, तर तिच्यात आणि जुन्या बलुतेदारीत फरक तो काय? जुना पाटील निदान सुगीला दोन पेंढ्या टाकत असे.

डॉक्टर मंडळींसही आमचा एक सवाल आहे. इटलीतील रामाझ्झिनी नावाच्या वैद्याने 1700 साली कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला, आणि रोग्यास विचारावयाच्या प्रश्नांत एकाची भर घातली: तुझा धंदा काय? सव्वातीनशे वर्षे झाली. तो प्रश्न आमच्या दवाखान्यांत अजून क्वचितच ऐकू येतो. हिवतापाच्या गोळ्या देऊन गड्याला परत पाठवले जाते. दुसरीकडे, वेल्डरच्या छातीच्या फोटोत लोखंडाच्या कणांचे डाग दिसतात. असे डाग 1936 साली इंग्लंडात डॉइग व मॅक्लॉघलिन ह्यांनी नोंदवून ठेवले. धंदा न विचारता नुसता फोटो पाहिला, तर त्यालाच क्षय समजण्याची चूक होऊ शकते; आणि उलट, खरा क्षय "वेल्डिंगचा खोकला" म्हणून दुर्लक्षिला जाऊ शकतो. म्हणून थुंकी तपासा, आणि धंदा विचारा. ह्या प्रश्नाला एक पैसा खर्च येत नाही.

आम्ही शाळामास्तर आहोत, म्हणून एक गोष्ट आमच्या नजरेतून सुटत नाही. दहावीच्या पटावरून जी मुले गळतात, त्यांतील कित्येक फाट्यावर हेल्पर म्हणून उभी राहतात. त्यांना काळी काचही मिळत नाही. उस्तादाच्या काचेशेजारून उघड्या डोळ्यांनी पाहतात आणि रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखी तळमळतात. चौदा वर्षांखालील पोरास कामास ठेवणे कायद्याने बंद आहे. 2016 च्या दुरुस्तीने घरच्या धंद्यात शाळेनंतर हातभार लावण्याची मुभा ठेवली, पण धोक्याच्या धंद्यात तीही नाही. लोहाराच्या पोराने लोहारकी शिकू नये असे आमचे म्हणणे नाही. हुन्नर हे बहुजनांचे खरे धन आहे, आणि ज्यांनी ते हीन ठरवले त्यांचे डोके आम्ही हीन समजतो. पण हुन्नर शिकवताना मरण कसे टाळावे हेही शिकवलेच पाहिजे. ते शिकवणारी पुस्तके आहेत, ती बहुतेक इंग्रजीत. एके काळी विद्या संस्कृतच्या कुलपात होती, आता जीव वाचवण्याची विद्या इंग्रजीच्या कुलपात आहे. कुलूप बदलले, बाहेर उभे असलेले लोक तेच!

सबब त्या कुलपाची किल्ली येथेच देऊन टाकतो. शक्य तितके काम उघड्यावर करा. वारा पाठीवर घेऊ नका, समोरूनही नको. बाजूने येऊ द्या, म्हणजे धूर तोंडासमोरून निघून जाईल. दुकानात असाल तर पंखा असा लावा की तो धूर तुमच्यापासून दूर, बाहेर ओढील. मान धुरावर आणू नका. डोके बाजूला ठेवा. सांध्याच्या दोन्ही बाजूंचा दोनचार इंच जस्ताचा मुलामा व रंग आधी काढून टाका, आणि तो घासतानाही मुखवटा घाला. मुखवटा म्हणजे एन-95 जातीचा, चेहऱ्याला घट्ट बसणारा. दाढी वाढलेली असली तर तो बसत नाही, फटीतून धूर आत जातो. करोनाच्या साथीत तो गावोगाव पोहोचला होता, रॉडच्या पुड्याहून तो स्वस्त आहे. पण तो कण अडवतो, वायू अडवत नाही, हे विसरू नका. बंद टाकीत एकट्याने उतरू नका. कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुऊ नका. आणि बिडी सोडा. एका छातीने दोन धूर किती सोसावेत?

हे झाले ज्याने त्याने करायचे. सरकारने करायचे ते असे. पहिले, वेल्डिंग, लोहारकी व डागकाम हे धोक्याचे धंदे म्हणून जाहीर करून एकट्या कारागिरासही विम्यात घ्यावे. दुसरे, 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेत लोहार, सोनार आहेत, हत्यारांसाठी 15,000 रुपये आहेत, शिकवणीचे दिवसाला 500 रुपये आहेत. त्या शिकवणीत धुराचा पाठ सक्तीचा करावा, आणि हत्यारांच्या बरोबरीने मुखवटा व धूर ओढणारा पंखा द्यावा. हत्यार धरणारा हातच उरला नाही तर हत्यार कशास? तिसरे, प्राथमिक आरोग्य केंद्रात वर्षातून एकदा ह्या कारागिरांच्या छातीची व श्वासाची मोफत तपासणी व्हावी. चौथे, हे सारे नियम साध्या मराठीत मोठ्या अक्षरांत छापून प्रत्येक रॉडच्या दुकानात टांगावेत.

ह्यांतले काहीही झाले नाही तरी शनिमहाराजांचे काही बिघडणार नाही. त्यांना तेल मिळतच राहील. बिघडेल ते त्या गड्याचे, ज्याने तुमच्या घराला कडी, शेताला फाळ, शाळेला फाटक आणि देवळाला कळसाचा खांब दिला. बंधूंनो, येत्या शनिवारी तेलाची वाटी खाली ठेवा आणि त्याच पैशांचा मुखवटा घ्या. शनी रागावला तर त्याला आमचे नाव सांगा.

— एक खेडवळ शाळामास्तर